गुठळीवरील उपचार आणि देयकाचा संकेतांक

रुग्णावर कोणता उपचार झाला हे डॉक्टर शब्दांत लिहून ठेवतात. त्या उपचाराचा मोबदला किती मिळावा हे मात्र आजकाल अंकांवरून ठरते. उपचाराचे वर्णन आणि त्यासाठी निवडलेला अंक यांचा मेळ बसला, तर रुग्णालयाला त्याचे देणे वेळेवर मिळते आणि रुग्णावर नसता भार पडत नाही. मेळ बसला नाही, तर केलेल्या कामाचे पैसे अडकतात किंवा न केलेल्या कामाचे पैसे मागितल्याचा दोष लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत अत्यंत काटेकोरपणे विकसित झाली आहे. तेथील रुग्णालयांच्या देयकांचे पुष्कळसे काम आता हैदराबाद, पुणे, मुंबई, चेन्नई अशा शहरांतील कचेऱ्यांत बसून भारतीय तरुण-तरुणी करतात. त्यांत गोवा, बेळगाव परिसर आणि हैदराबाद येथील मराठी पदवीधरही आहेत. म्हणून या विषयाची ओळख विद्यार्थी, शिक्षक, शासकीय कर्मचारी व सामान्य नागरिक यांना होणे उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात डायलिसिसच्या रुग्णाच्या कृत्रिम रक्तनलिकेत गोठलेली गुठळी काढण्याच्या उपचाराचे उदाहरण घेऊन योग्य संकेतांक कसा निवडावा याची माहिती दिली आहे.

संकेतांक म्हणजे काय?

संकेतांकाची कल्पना आपल्याला नवी नाही. जमिनीचा सात-बारा म्हटले की त्यात कोणती माहिती असणार हे खेड्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सात व बारा हे मुळात गावनमुन्यांचे क्रमांक आहेत. गोव्यातील एक-चौदाचा उतारा हाही त्याच जातीचा. भारतीय डाक खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिन क्रमांक सुरू केला. संस्कृतचे व्यासंगी पंडित आणि डाक खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांचा या योजनेत प्रमुख वाटा होता. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांतील पत्ते आणि निरनिराळी हस्ताक्षरे यांमुळे होणारा घोटाळा सहा अंकांनी दूर केला. ४०३ ने आरंभ होणारे पत्र गोव्याकडे व ५९० ने आरंभ होणारे बेळगावकडे जावयाचे, हे भाषा न जाणणाऱ्या कर्मचाऱ्यालाही कळू लागले.

वैद्यकीय संकेतांकाचे प्रयोजन नेमके हेच आहे. एकच शस्त्रक्रिया दहा डॉक्टर दहा प्रकारे लिहितील. पैसे देणाऱ्या विमा संस्थेला मात्र त्या सर्वांतून एकच अर्थ काढता आला पाहिजे. यासाठी प्रत्येक उपचाराला एक ठरावीक क्रमांक देण्यात येतो. परंतु पिन क्रमांकातील एक अंक चुकला तर पत्र भलत्याच गावी जाते, तसेच येथेही होते, आणि येथे चुकीचे मोल अधिक असते.

डायलिसिस आणि रक्ताची वाट

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी बाहेर टाकण्याचे काम यंत्राकडून करून घ्यावे लागते. हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये असे यंत्र तयार करून रुग्णावर वापरले. परंतु एक अडचण शिल्लक राहिली. रक्त यंत्रात नेऊन परत शरीरात आणण्यासाठी प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि थोड्याच दिवसांत वापरण्याजोग्या रक्तवाहिन्या संपत. सिअ‍ॅटल येथील डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये टेफ्लॉनच्या नळ्यांची जोडणी करून ही अडचण प्रथम दूर केली. त्यानंतर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटाजवळील रोहिणी व नीला यांचा थेट सांधा करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या सांध्यास फिस्टुला म्हणतात. रोहिणीतील जोरदार प्रवाह नीलेत शिरल्यामुळे ती फुगते, तिची भिंत जाड होते आणि तीत वारंवार सुया टोचता येतात.

सर्वच रुग्णांच्या नीला यासाठी योग्य नसतात. काहींच्या फार बारीक असतात, तर काहींच्या पूर्वीच्या सुयांनी खराब झालेल्या असतात. अशा वेळी रोहिणी व नीला यांच्यामध्ये कातडीखालून एक कृत्रिम नलिका बसवितात. तिला ग्राफ्ट असे नाव आहे. आठवड्यातून सामान्यतः तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, याच नलिकेत दोन सुया टोचून रक्त यंत्राकडे जाते व परत येते. रुग्णाचे जीवन अक्षरशः या वाटेवर अवलंबून असते.

वाट बंद का होते?

ग्राफ्ट ही परकी वस्तू आहे. तिच्यातून येणारा जोरदार प्रवाह नीलेला जेथे मिळतो, त्या सांध्यापाशी नीलेचे आतील अस्तर कालांतराने जाड होत जाते आणि मार्ग अरुंद होतो. ओढ्याच्या मोरीत गाळ साचला की पाणी मागे तुंबते, तसा प्रवाह मंदावतो आणि मंद प्रवाहात रक्त गोठते. रक्तदाब फार खाली जाणे, हातावर दाब पडणे, त्या हातावर डोके ठेवून झोपणे ही कारणेही त्यास हातभार लावतात. चालू ग्राफ्टवर बोट ठेवले असता एक थरथर जाणवते. ती नाहीशी झाली म्हणजे वाट बंद झाली असे समजून रुग्णाने तत्काळ डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे. विलंब झाला तर एक-दोन पाळ्या चुकतात, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदयाला धोका पोहोचतो. मग मानेतील मोठ्या नीलेत तात्पुरती नळी घालावी लागते व तीतून जंतुसंसर्ग होण्याची भीती असते.

उपचाराचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात शस्त्रक्रियेने ग्राफ्ट उघडून गुठळी काढतात. दुसऱ्यात केवळ सुईच्या छिद्रातून बारीक नळी आत नेतात, गुठळी विरघळविणारे औषध सोडतात अथवा यांत्रिक साधनाने ती फोडून ओढून काढतात आणि नंतर क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत अरुंद झालेला भाग फुग्याने रुंद करतात. फुग्याने भागले नाही, तर धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवितात. गुठळी काढली पण अरुंद भाग तसाच ठेवला तर ग्राफ्ट पुन्हा लवकरच बंद पडण्याचा संभव असतो. म्हणून गुठळी काढणे आणि मार्ग रुंद करणे ही दोन कामे बहुधा एकाच बैठकीत होतात. संकेतांक निवडताना जो गोंधळ होतो त्याचे मूळ येथेच आहे.

अमेरिकेतील देयकाची पद्धत

अमेरिकेत १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर ही शासकीय आरोग्य विमा योजना अस्तित्वात आली. १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णांना वयाची अट न घालता या योजनेत स्थान देण्यात आले व १ जुलै १९७३ पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्यामुळे तेथे डायलिसिसच्या रुग्णांवरील खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक निधीतून येतो, आणि म्हणूनच त्याचा हिशेब चोख असावा लागतो.

देयकावर दोन प्रकारचे संकेतांक असतात. काय केले हे सांगणारा पहिला आणि कशासाठी केले हे सांगणारा दुसरा. पहिल्या प्रकारची सूची अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिला सी.पी.टी. म्हणतात व तीतील उपचारांचे क्रमांक पाच अंकी असतात. १९८३ मध्ये मेडिकेअरने ती आपल्या देयकांसाठी स्वीकारली. दुसऱ्या प्रकारची सूची रोगांची आहे. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणावर आधारलेली असून तिच्या दहाव्या आवृत्तीचे अमेरिकी रूप तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आहे. दोन्ही सूच्यांत दर वर्षी फेरफार होतात. त्यामुळे गतवर्षीच्या पुस्तकावरून यंदाचे देयक तयार करणे हा चुकीचा आरंभ ठरतो.

२०१७ मधील बदल

२०१६ अखेरपर्यंत ग्राफ्टमधील गुठळी सुईच्या मार्गाने काढण्यास ३६८७० हा क्रमांक होता. ग्राफ्टमध्ये नळी घालून चित्र घेण्यास ३६१४७, नीला फुग्याने रुंद करण्यास ३५४७६ आणि त्या वेळच्या क्ष-किरण देखरेखीसाठी आणखी निराळे क्रमांक होते. एका बैठकीच्या देयकावर क्रमांकांची रांग लागे. वस्तुतः ही कामे एकमेकांपासून सुटी नसतात. चित्र घेतल्याशिवाय गुठळी काढता येत नाही आणि नळी घातल्याशिवाय चित्र घेता येत नाही. हे लक्षात घेऊन १ जानेवारी २०१७ पासून जुने क्रमांक रद्द करण्यात आले आणि ३६९०१ ते ३६९०९ हे नऊ नवे क्रमांक अमलात आले.

नऊ क्रमांकांची रचना

या नऊ क्रमांकांचे तीन गट पडतात. पहिल्या गटात गुठळी नसते. ३६९०१ म्हणजे केवळ नळी घालून संपूर्ण मार्गाचे चित्र घेणे. ३६९०२ म्हणजे चित्र घेऊन हातातील भाग फुग्याने रुंद करणे. ३६९०३ म्हणजे याच भागात स्टेंट बसविणे. फुग्याचे काम झाले असल्यास तेही यात आले.

दुसऱ्या गटात गुठळी असते व ती काढली जाते. ३६९०४ म्हणजे यांत्रिक साधनाने, औषधाने अथवा दोन्हींनी गुठळी काढणे. ३६९०५ म्हणजे गुठळी काढून हातातील भाग फुग्याने रुंद करणे. ३६९०६ म्हणजे गुठळी काढून त्या भागात स्टेंट बसविणे. या तिन्हींत नळी घालणे, चित्र घेणे व उपचाराच्या वेळी गुठळी विरघळविणारे औषध टोचणे ही कामे अंतर्भूत आहेत.

तिसऱ्या गटातील क्रमांक जोडक्रमांक आहेत. ते एकटे लिहिता येत नाहीत, मुख्य क्रमांकाच्या जोडीनेच येतात. ३६९०७ हा छातीतील मध्यवर्ती नीला फुग्याने रुंद करण्यासाठी, ३६९०८ हा तेथे स्टेंट बसविण्यासाठी आणि ३६९०९ हा प्रवाह दुसरीकडे वळविणारी उपशाखा किंवा मुख्य मार्ग आतून कायमचा बंद करण्यासाठी आहे.

निवडीचे नियम

पहिला नियम असा की, ३६९०१ ते ३६९०६ या सहांपैकी एका बैठकीस एकच क्रमांक लिहावयाचा. जे काम सर्वांत मोठे झाले असेल त्याचा क्रमांक घ्यावा. त्याखालील कामे त्यातच सामावलेली असतात. एस.टी.च्या वाहकाने पणजी ते बेळगावचे तिकीट दिल्यावर त्याच प्रवाशास वाटेतील फोंड्याचे तिकीट पुन्हा देऊ नये, असा हा सरळ हिशेब आहे.

दुसरा नियम जागेचा. हातातील ग्राफ्टच्या बाबतीत रोहिणीच्या सांध्यापासून काखेतील नीलेच्या शेवटापर्यंतचा सर्व मार्ग हा परिघीय भाग मानला जातो. हाताच्या बाहेरील बाजूने वर जाणारी नीला खांद्यापाशी जेथे कमानीसारखी वळते, ती कमानही यातच मोडते. तेथून पुढे हासळीच्या हाडाखालील नीला, तिच्यापुढील छातीतील मोठी नीला आणि हृदयाकडे जाणारी महानीला हा मध्यवर्ती भाग. मांडीतील ग्राफ्ट असल्यास जांघेतील नीलेपर्यंत परिघीय आणि तिच्यापुढे ओटीपोटातील नीलांपासून मध्यवर्ती भाग सुरू होतो. ही सीमारेषा नीट ध्यानात ठेवली तर निम्म्याहून अधिक चुका टळतील.

तिसरा नियम संख्येचा. परिघीय भागात एक जागा रुंद केली काय किंवा चार केल्या काय, क्रमांक एकदाच लिहावयाचा. फुगे किती वापरले, स्टेंट किती बसविले यावर क्रमांकांची संख्या ठरत नाही. मध्यवर्ती भागासाठीही हाच न्याय लागू आहे. मध्यवर्ती भागात फुगा व स्टेंट दोन्ही वापरले असल्यास केवळ ३६९०८ लिहावा, त्यासोबत ३६९०७ लिहू नये.

चौथा नियम रोहिणीच्या सांध्याविषयी. या सांध्यापाशी गुठळीचा एक घट्ट बुंधा अडकलेला असतो व तो फुग्याच्या नळीने ओढून काढावा लागतो. हे काम गुठळी काढण्याचाच एक भाग आहे. त्याला मार्ग रुंद करण्याचे काम समजून ३६९०५ लिहिणे योग्य नव्हे. मात्र सांध्यापाशी खरोखर अरुंदपणा आढळला आणि तो फुग्याने रुंद केला, तर ते परिघीय भागातील रुंदीकरण ठरते.

काही काल्पनिक उदाहरणे

समजा, एका रुग्णाच्या डाव्या दंडातील ग्राफ्ट बंद पडला. डॉक्टरांनी सुईच्या मार्गाने औषध सोडून व यांत्रिक साधनाने गुठळी काढली. चित्रात नीलेच्या सांध्यापाशी अरुंदपणा दिसला. तो फुग्याने रुंद केला. शेवटच्या चित्रात प्रवाह मोकळा दिसला. येथे योग्य क्रमांक ३६९०५ हा एकच. चित्रासाठी ३६९०१, फुग्यासाठी ३६९०२ आणि गुठळीसाठी ३६९०४ असे तीन क्रमांक लिहिणारा कारकून एकाच कामाचे तुकडे करून तीनदा पैसे मागत असतो.

याच रुग्णाच्या हासळीच्या हाडाखालील नीलेतही अरुंदपणा आढळून तीही फुग्याने रुंद केली असती, तर ३६९०५ सोबत ३६९०७ हा जोडक्रमांक लिहिणे आवश्यक झाले असते. येथे तो न लिहिणे हीही चूकच, कारण केलेल्या कामाची मागणी राहून जाते. सांध्यापाशी फुग्याने भागले नाही म्हणून स्टेंट बसविला असता, तर ३६९०५ च्या जागी ३६९०६ आला असता.

दुसऱ्या एका रुग्णाचा ग्राफ्ट चालू आहे, परंतु सुया काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. तपासणीत अरुंदपणा आढळला व तो फुग्याने रुंद केला. गुठळी नव्हती. येथे ३६९०२ हाच क्रमांक. ग्राफ्टवरील उपचार म्हणजे गुठळीचाच उपचार, असे गृहीत धरून ३६९०५ लिहिल्यास न केलेल्या कामाचे पैसे मागितल्यासारखे होईल.

सारखे भासणारे परंतु वेगळे उपचार

ज्या रुग्णाच्या मानेत वा छातीत डायलिसिसची नळी बसविलेली आहे, तिच्या तोंडाशी गुठळी झाली असता औषध घालून ती मोकळी करतात. या कामास ३६५९३ हा वेगळा क्रमांक आहे. दोन्ही ठिकाणी गुठळी आणि दोन्ही ठिकाणी औषध. परंतु एक काम नळीवरील आहे व दुसरे ग्राफ्टवरील. हा भेद शब्दांत लहान वाटला तरी दोन्हींतील श्रम, साधने व मोबदला यांत पुष्कळ अंतर आहे.

शस्त्रक्रियेने ग्राफ्ट उघडून केवळ गुठळी काढली असल्यास ३६८३१ हा क्रमांक लागतो. गुठळी न काढता शस्त्रक्रियेने ग्राफ्टची दुरुस्ती केली असल्यास ३६८३२ आणि गुठळी काढून दुरुस्तीही केली असल्यास ३६८३३. म्हणून नोंद वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा की, गुठळी चिरेतून काढली की सुईच्या छिद्रातून? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढील कोणताही क्रमांक निवडता येत नाही.

कारणाचा संकेतांक

उपचाराबरोबर त्याचे कारणही द्यावे लागते. ग्राफ्टमध्ये गुठळी झाली असता टी ८२.८६८ ए आणि ग्राफ्टच्या अरुंदपणासाठी टी ८२.८५८ ए हे संकेतांक वापरले जातात. शेवटच्या ए या अक्षराचा अर्थ रुग्ण पहिल्यांदाच आला असा पुष्कळांना वाटतो. वास्तविक रुग्णावर त्या विकारासाठी प्रत्यक्ष उपचार चालू आहे, असा त्याचा अर्थ आहे. उपचार संपून बरे होण्याच्या काळात डी हे अक्षर येते. मूत्रपिंडविकाराच्या अंतिम अवस्थेसाठी एन १८.६ आणि रुग्ण डायलिसिसवर अवलंबून असल्याचे दर्शविण्यासाठी झेड ९९.२ ही जोड द्यावी लागते. उपचार गुठळीचा लिहिला आणि कारण मात्र केवळ मूत्रपिंडविकार एवढेच दिले, तर गुठळी कोठून आली असा प्रश्न विमा संस्था विचारणारच.

नोंद हाच आधार

संकेतांक निवडणाऱ्याने रुग्णास पाहिलेले नसते. त्याच्यापुढे असते ती केवळ डॉक्टरांनी लिहिलेली नोंद. जे नोंदीत नाही ते झालेच नाही असे मानण्याचा या कामाचा दंडक आहे. ग्राफ्ट कोणत्या अंगात आहे, गुठळी होती काय, ती कोणत्या साधनाने काढली, अरुंद भाग नेमका कोठे होता, तो किती अरुंद होता, फुगा वापरला की स्टेंट, शेवटी प्रवाह कसा दिसला, ही माहिती नोंदीत स्पष्ट असली पाहिजे. मध्यवर्ती नीला रुंद केली एवढेच लिहून कोणती नीला हे लिहिले नसेल, तर संकेतांक निवडणाऱ्याने तर्क करू नये. त्याने डॉक्टरांना विचारावे आणि नोंद पूर्ण करून घ्यावी. अंदाजाने लिहिलेला क्रमांक बरोबर निघाला तरी तो बेजबाबदारपणाच होय.

चुकीची किंमत

अमेरिकेत १९९६ पासून एकत्र न लिहावयाच्या क्रमांकांच्या जोड्यांची शासकीय यादी अमलात आहे. अशी जोडी देयकावर आली की ती यंत्रच अडविते. काही चुका मात्र यंत्राला कळत नाहीत. गुठळी नसताना गुठळीचा क्रमांक लिहिला, तर कागदावर सर्व काही ठीक दिसते. अशा मागण्या जाणूनबुजून अथवा बेफिकिरीने केल्याचे सिद्ध झाल्यास तेथे १८६३ च्या खोट्या मागण्यांविरुद्धच्या कायद्याखाली तिप्पट भरपाई व दंड वसूल केला जाऊ शकतो.

रुग्णाचाही यात थेट संबंध आहे. मेडिकेअरच्या नियमानुसार डॉक्टरांच्या सेवेच्या मान्य रकमेपैकी सामान्यतः वीस टक्के भाग रुग्णाने द्यावयाचा असतो. देयकात एक जादा क्रमांक घुसला तर त्याचा पाचवा हिस्सा आजारी माणसाच्या खिशातून जातो. डायलिसिसच्या रुग्णाचा ग्राफ्ट एकदाच बंद पडतो असे नाही. असे प्रसंग पुनःपुन्हा येतात. कामावर नियमित जाता न येणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान वाटत नाही. उलटपक्षी, योग्य क्रमांक न लिहिल्यामुळे पैसे नाकारले गेले तर उपचार केंद्राची तूट वाढते, आणि अशी केंद्रे अडचणीत आली तर त्यांवर अवलंबून असलेल्या रुग्णांचीच गैरसोय होते.

आपल्याकडील परिस्थिती

अमेरिकेतील हे क्रमांक आपल्याकडील शासकीय योजनांना लागू नाहीत, हे प्रथम लक्षात घ्यावे. तथापि तत्त्व तेच आहे. २०१६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला व जिल्हा रुग्णालयांतून ही सेवा गरिबांना मोफत देण्यावर भर दिला. गोव्यात त्याच वर्षी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा आरंभ झाला व पात्र कुटुंबांस वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. या योजनेतही उपचारांचे समूह ठरवून प्रत्येकास संकेतांक व दर दिलेला आहे. रुग्णालय त्या संकेतांकावर मागणी करते व योजनेकडून रक्कम अदा होते. कुटुंबाच्या वार्षिक मर्यादेतून तेवढी रक्कम वजा होते. चुकीचा अथवा जादा संकेतांक लागल्यास ही मर्यादा विनाकारण संपते आणि वर्षाच्या अखेरीस खऱ्या गरजेच्या वेळी कार्ड रिकामे निघते. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी घरी जाताना मिळणारा कागद जपून ठेवावा, त्यावर लिहिलेला उपचार आणि प्रत्यक्ष झालेला उपचार एकच आहे ना हे वाचून पाहावे, आणि शंका असल्यास रुग्णालयातील योजनेच्या मदत कक्षात नम्रपणे पण निःसंकोचपणे विचारावे.

शिक्षकांनीही या विषयाकडे लक्ष देण्यासारखे आहे. वैद्यकीय संकेतांकनाच्या व्यवसायात शरीररचनेचे ज्ञान, काळजीपूर्वक वाचन आणि सचोटी या तीन गोष्टी लागतात. जीवशास्त्र घेऊन पदवी मिळविलेल्या विद्यार्थ्यास त्यात प्रवेश करणे सुलभ जाते. परंतु क्रमांक पाठ केले म्हणजे काम आले, असा समज विद्यार्थ्यांत रुजू देऊ नये. परिघीय भाग कोठे संपतो आणि मध्यवर्ती भाग कोठे सुरू होतो हे ज्याला कळते, त्यालाच ३६९०५ आणि ३६९०७ यांतील भेद खऱ्या अर्थाने कळतो.

गुठळी झालेली नलिका मोकळी करणारे हात डॉक्टरांचे असतात. त्या कामाचा खरा हिशेब मांडणारे हात मात्र दूरच्या एखाद्या शहरातील कचेरीत अज्ञात बसलेले असतात. दोघांच्याही कामात घाई व अंदाज यांना जागा नाही. जे झाले तेच लिहावे, जेवढे झाले तेवढेच लिहावे आणि झालेले काही गाळू नये, हे सूत्र तलाठ्याच्या दप्तरापासून रुग्णालयाच्या देयकापर्यंत सर्वत्र सारखेच लागू आहे. सार्वजनिक पैसा आणि रुग्णाचा विश्वास या दोहोंचे रक्षण त्यातूनच होते.